दादा ओ, मी ए: ट्रान्सप्लांट युनिट आणि त्यांच्या ब्लड बँकेबद्दल

माझ्या मोठ्या भावाचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन आता सव्वा वर्ष होईल. डोनर मी. त्याचा ब्लड ग्रुप ओ पॉझिटिव्ह, माझा ए पॉझिटिव्ह. युनिटचं नाव लिहीत नाहीये, कारण काही गोष्टी फार चांगल्या झाल्या आणि काहींचा खरंच त्रास झाला, आणि ज्यांनी चांगलं केलं त्यांना मी स्वतः जाऊन सांगून आलेय. पण रक्तगट वेगळा असताना ट्रान्सप्लांट करायचा तर युनिटने काय काय सांभाळायला हवं हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर मधले पाच महिने इतके घाबरून गेले नसते, म्हणून सगळं लिहितेय. लांबलंय, पण ज्यांच्या घरी हे चालू आहे ते वाचतील.

आधी मार्क देऊन टाकते. ब्लड बँक पाचपैकी पाच. वॉर्डच्या सिस्टर साडेचार. स्टेम सेल काढायचा विभाग चार. ट्रान्सप्लांटच्या आधी माहिती देणं दोन. डिस्चार्जनंतरची कागदपत्रं दीड.

दादाला ब्लड कॅन्सर, एएमएल. केमोने रेमिशन आलं, म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले परत उलटायची शक्यता जास्त आहे, ट्रान्सप्लांट करून टाकू. आम्ही तिघं भावंडं. धाकट्याचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह, दादाचा तोच, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की डोनर धाकटाच होणार, त्याने ऑफिसमधून सुट्टीसुद्धा टाकून ठेवली होती. रिपोर्ट आले तर त्याचं एचएलए, म्हणजे डोनर ठरवताना जुळवतात त्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, अर्धंच जुळलं आणि माझं पूर्ण, दहापैकी दहा. वहिनी तर डॉक्टरांना म्हणालीच की मॅडम, रिपोर्ट अदलाबदल झाले असतील, हिचा तर ग्रुपच वेगळा आहे. तेव्हा मॅडमनी कागदावर दोन रेघा मारून दाखवलं की रक्तगटाचा जीन 9 व्या क्रोमोझोमवर असतो आणि एचएलएचे 6 व्यावर, दोन्ही आईवडिलांकडून वेगवेगळे येतात, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आणि ते जुळलं तरी रक्तगट जुळेलच असं काही नाही. जगभरात दुसऱ्याच्या स्टेम सेल घेऊन जे ट्रान्सप्लांट होतात त्यातल्या साधारण 30 ते 50 टक्क्यांत डोनर आणि पेशंटचा रक्तगट वेगळा असतो. हे ऐकून आम्हाला धीर आला, पण मॅडम तिथेच थांबल्या. "त्याची काळजी करू नका, ब्लड बँक बघेल" एवढंच. आमची तक्रार इथूनच सुरू होते.

कारण किडनी देताना रक्तगट बघतात हे सगळ्यांना माहीत असतं, मग इथे का चालतं हा प्रश्न कोणालाही पडणारच ना. याचं उत्तर मला पुढे ब्लड बँकेच्या डॉक्टरांनी दिलं. ए, बी या ज्या खुणा असतात त्या लाल पेशींवर असतात, पण अगदी मुळातली जी बीजपेशी असते, स्टेम सेल, तिच्यावर त्या नसतातच. ओ माणसाच्या रक्तात ए ची खूण असलेल्या पेशींवर तुटून पडणारी अँटीबॉडी असतेच, पण दादाची ती ए-विरोधी अँटीबॉडी माझ्या स्टेम सेलला ओळखतच नाही, ती हाडात जाऊन रुजते. अडचण होते ती पुढे. त्या बीजातून लाल पेशी तयार व्हायला लागली की वाढता वाढता तिच्यावर ए ची खूण येते, आणि तेव्हा जर ती जुनी अँटीबॉडी रक्तात शिल्लक असेल तर ती कोवळी पेशी बाहेर पडायच्या आधीच मारली जाते. म्हणजे रक्तगट वेगळा असल्याने ट्रान्सप्लांट अडत नाही, पण त्याचे परिणाम होतात, कधी पहिल्याच दिवशी, कधी दुसऱ्या आठवड्यात, कधी महिनोन् महिने.

प्रकार तीन आहेत. पेशंटच्या रक्तात डोनरच्या लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडी असेल तर मेजर मिसमॅच, आमचा हाच. उलट असेल, म्हणजे डोनर ओ आणि पेशंट ए, तर मायनर. आणि एक ए, एक बी असेल तर दोन्हीकडून, त्याला बायडायरेक्शनल म्हणतात. मायनर हे नाव ऐकून हलकं घेऊ नका, त्याबद्दल खाली लिहिलंय.

माझा भाग आधी. पाच दिवस इंजेक्शनं होती, कंबर आणि मांड्यांची हाडं अशी ठणकायची की रात्री कूस बदलवत नव्हती, पण गोळीने थांबायचं. मग पाचव्या दिवशी मशीनला लावलं, एका हातातून रक्त बाहेर, स्टेम सेल वेगळ्या होऊन बाकीचं दुसऱ्या हातातून परत आत, साधारण साडेचार तास. ओठांना मुंग्या आल्या की लगेच सांगा म्हणाले होते, रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने कॅल्शियम उतरतं, मला आल्या, त्यांनी लगेच कॅल्शियम दिलं. स्टाफ मायाळू, फक्त खुर्ची फार अवघडलेली, साडेचार तासांसाठी ती योग्य नाही, म्हणून एक मार्क कापला. दादाच्या वजनाच्या मानाने किलोमागे 50 लाखांच्या वर स्टेम सेल मिळाल्या, एका दिवसात काम झालं.

आता ब्लड बँक. माझी पिशवी मशीनवरून उतरली आणि सरळ वॉर्डात गेली नाही, आधी खाली ब्लड बँकेत नेली. मी तिथे खुर्चीवर बसूनच होते, चक्कर येत होती म्हणून, तर तिथले टेक्निशियन मला दाखवत होते. पिशवी विटकरी गुलाबी रंगाची, दाटसर. त्यांनी तिचं वजन केलं, नळीतून थेंबभर घेऊन तपासलं आणि पिशवीत माझ्या लाल पेशी किती मिलीलीटर आहेत ते काढलं. कमरेच्या हाडातून मॅरो काढतात तेव्हा लिटरभर माल येतो आणि त्यात लाल पेशी भरपूर असतात, त्या तशाच ए-विरोधी अँटीबॉडी असलेल्या माणसाला दिल्या तर जागेवर फुटतात, ताप, थंडी, पाठीत कळा, किडनीवर ताण. म्हणून मेजर मिसमॅचमध्ये त्या आधी काढून टाकतात. पण ते करताना थोड्या स्टेम सेलही वाया जातात, म्हणून उगाच करायचं नाही. मशीनने हातातून काढलेल्या पिशवीत लाल पेशी कमी असतात, माझ्यात त्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या आत निघाल्या, म्हणून पिशवी तशीच द्यायचं ठरलं. दादाचा टायटरही त्यांनी आठवड्यापूर्वीच काढून ठेवलेला होता. टायटर म्हणजे रक्तद्रव निम्मा निम्मा पातळ करत जायचा आणि कुठपर्यंत अँटीबॉडी काम करते ते बघायचं. दादाचा 1:128 आला होता. फार भयंकर नाही पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही, असं ते म्हणाले.

तो आकडा त्यांनी माझ्यासमोर लाल शाईने फाईलच्या पहिल्या पानावर लिहिला. ही पहिली व्यक्ती जिने मला खरं काय ते सांगितलं: "ताई, पांढऱ्या पेशी येतील, प्लेटलेट येतील, लाल पेशींना वेळ लागू शकतो, घाबरून जाऊ नका." हे वाक्य वरच्या मजल्यावर कोणीतरी दादाला आणि वहिनीला सांगायला हवं होतं.

पिशवी चढवली त्या संध्याकाळी मी काचेबाहेर होते. सकाळपासून सलाईन चालू, आधी ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग पिशवी अगदी सावकाश. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी बीपी, ताप बघायची ते ठीकच, पण दादाने लघवी केली की ती भांडं घेऊन सरळ खिडकीपाशी जायची आणि उजेडात धरून रंग बघायची. लाल पेशी फुटल्या तर लघवी काळपट लाल होते. तिने तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली की ठीक आहे. ती बाई माझ्या कायम लक्षात राहील.

नवव्या दिवशी प्लेटलेट 8 हजारांवर आल्या. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पेशंटचा ग्रुप ओ म्हणून ओ च्या प्लेटलेट मागवल्या, वरवर बघता अगदी बरोबर. ब्लड बँकेने ती मागणी परत पाठवली. कारण प्लेटलेटच्या पिशवीत प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, असतो आणि ओ माणसाच्या प्लाझ्मात ए-विरोधी अँटीबॉडी असते, म्हणजे जी अँटीबॉडी कमी व्हावी म्हणून आपण देवाला हात जोडतोय तीच वरून ओतल्यासारखं. मेजर मिसमॅचमध्ये नियम असा की लाल पेशी पेशंटच्या ग्रुपच्या, म्हणजे ओ, आणि प्लाझ्मा, प्लेटलेट डोनरच्या ग्रुपच्या, म्हणजे ए. मायनरमध्ये बरोबर उलटं, लाल पेशी डोनरच्या ग्रुपच्या आणि प्लाझ्मा पेशंटच्या. दोन्हीकडून मिसमॅच असेल तर लाल पेशी ओ च्या आणि प्लाझ्मा एबी चा. आणि सगळ्या लाल पेशी, प्लेटलेट रेडिएशन दिलेल्याच हव्यात, नाहीतर त्यातल्या परक्या पांढऱ्या पेशी पेशंटवर उलटू शकतात. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला हे सगळं आठवेल अशी अपेक्षा करणंच चूक आहे, म्हणून ब्लड बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये दादाच्या नावापुढे ट्रान्सप्लांटच्या दिवसापासून हा नियम टाकून ठेवला होता आणि त्यामुळेच ती पिशवी थांबली. पाचपैकी पाच मार्क त्या एका रात्रीसाठी.

चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशींचे काउंट आले, अठराव्याला प्लेटलेट 20 हजारांच्या वर टिकल्या. वॉर्डात सगळे खूष. सव्विसाव्या दिवशी घरी. तिसाव्या दिवसाचा चायमेरिझमचा रिपोर्ट, म्हणजे आता रक्त कोणाच्या पेशी बनवतायत त्याचा, 100 टक्के डोनर. मॅडम म्हणाल्या उत्तम. आणि हिमोग्लोबिन 6.8.

पुढच्या आठवड्यात परत 7 च्या आत. रक्त चढवलं की 8.5, आठ दहा दिवसांत पुन्हा खाली. दादा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायचा. वहिनी विचारायची, काउंट आले, डोनरचं रक्त 100 टक्के आलं, मग रक्त का टिकत नाही, कॅन्सर परत आला का? डे-केअरमधले डॉक्टर दर वेळी वेगळे, दर वेळी उत्तर "होईल हळूहळू". महिनाभर हेच चाललं. मला रात्री एकच विचार यायचा की माझ्या रक्तगटामुळे दादाला हे होतंय, धाकट्याचं घेतलं असतं तर झालं नसतं. हे मी कोणाला बोलले नाही तेव्हा.

बासष्टाव्या दिवशी रेटिक काउंट 0.1 टक्के आला. रेटिक म्हणजे नुकत्या बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी, मॅरो काम करतोय का ते यावरून कळतं. मॅरो तपासला तर पांढऱ्या पेशींचं काम व्यवस्थित, प्लेटलेटचं व्यवस्थित, लाल पेशींच्या वाढीच्या जागा जवळपास रिकाम्या. कॅन्सर कुठेही नाही. याला प्युअर रेड सेल एप्लेझिया म्हणतात, आणि मेजर मिसमॅचमध्ये हा ओळखीचा प्रकार आहे, त्यातही डोनर ए आणि पेशंट ओ असेल तर सगळ्यात जास्त बघायला मिळतो. म्हणजे आमची जोडी नेमकी तीच. हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना! मग पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर वहिनीने महिनाभर कॅन्सर परत आल्याच्या भीतीत काढले नसते. माझा राग आजार झाल्याबद्दल नाही, कोणी बसून बोललं नाही याबद्दल आहे.

कारण असं की केमोने दादाचा मॅरो साफ केला तरी अँटीबॉडी बनवणाऱ्या त्याच्या जुन्या प्लाझ्मा पेशी चिवट असतात, त्या महिनोन् महिने टिकतात आणि ए-विरोधी अँटीबॉडी सोडत राहतात. हलकी केमो दिलेली असेल तर त्या अजून जास्त टिकतात. माझ्या पेशींनी त्यांना हळूहळू संपवणं अपेक्षित असतं, पण नव्या पेशी अंगावर उलटू नयेत म्हणून जे सायक्लोस्पोरिन चालू असतं त्याने माझ्या पेशींचेही हात बांधलेले असतात. म्हणून पहिला उपाय, टायटर बघत बघत सायक्लोस्पोरिन कमी करणं. ते घाईने करता येत नाही, जीव्हीएचडीची, म्हणजे माझ्या पेशी दादाच्या अंगावर उलटण्याची भीती. दादाला हातावर थोडं पुरळ आलं, तेवढ्यावर निभावलं. टायटर 128 वरून 64, मग महिनाभर 64 वरच अडकला. शंभराव्या दिवसानंतर अँटीबॉडी कमी व्हावी म्हणून रिटुक्सिमॅब हे औषध दिलं, आठवड्याला एक असे चार डोस. काही ठिकाणी प्लाझ्मा बदलतात, काही ठिकाणी डॅराटुमुमॅब किंवा एल्ट्रोम्बोपॅग ही औषधं देतात, आणि बऱ्याच जणांचं काहीही न करता नुसतं थांबून सुटतं असंही आम्हाला सांगितलं. आमच्यात नेमकं कशाने सुटलं, गोळ्या कमी केल्याने की रिटुक्सिमॅबने, ते कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण 148 व्या दिवशी टायटर 1:8 आणि रेटिक 1.9 टक्के. वहिनीने मला रिपोर्टचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले.

तोपर्यंत 23 पिशव्या लागल्या होत्या. एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाट नाही, ते यकृतात, हृदयात साठत जातं. फेरिटिन, म्हणजे लोह किती साठलंय ते दाखवणारी तपासणी, 3 हजारांच्या वर गेलं होतं. हेही विचारून ठेवा, की किती पिशव्यांनंतर तुम्ही लोह तपासता. आमच्याकडे वहिनीने विचारल्यावर तपासलं.

कागदपत्रांना दीड मार्क का ते सांगते. डिस्चार्ज कार्डावर वर ठळक अक्षरात "ब्लड ग्रुप: ओ पॉझिटिव्ह" आणि बस. कोणती पिशवी कोणत्या ग्रुपची द्यायची याबद्दल एक ओळ नाही. सत्तराव्या दिवशी दादाला ताप भरला, प्लेटलेट उतरल्या, रात्रीची वेळ म्हणून जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि तिथे कार्ड बघून साहजिकच ओ च्या प्लेटलेट मागवायला लागले. वहिनीला नवव्या दिवसाची गोष्ट माहीत होती म्हणून तिने हात धरून थांबवलं आणि युनिटच्या ब्लड बँकेला फोन लावला. रात्री साडेबारा वाजता तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दवाखान्याशी स्वतः बोलून सगळं समजावलं. म्हणजे पुन्हा ब्लड बँकेनेच निभावलं. पण घरच्या माणसाला माहीत नसतं तर? आम्ही तक्रार लिहून दिली, आता ते एक वेगळं कार्ड देतात ज्यावर पेशंटचा मूळ ग्रुप, डोनरचा ग्रुप, लाल पेशी कोणत्या, प्लेटलेट आणि प्लाझ्मा कोणता, रेडिएशन हवं, आणि ब्लड बँकेचा चोवीस तासांचा नंबर. वहिनीने ते लॅमिनेट करून दादाच्या पाकिटात ठेवलंय.

मायनरबद्दल लिहिते म्हटलं होतं. तिथे डोनर ओ आणि पेशंट ए असं काहीसं असतं. पिशवीतला डोनरचा प्लाझ्मा आधी कमी करता येतो, तो प्रश्न सोपा. पण पिशवीबरोबर डोनरच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीही जातात, त्या नव्या घरात जाऊन पेशंटच्या ए लाल पेशींविरुद्ध ताजी अँटीबॉडी बनवायला लागतात, आणि साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसात पेशंटच्या उरलेल्या लाल पेशी झपाट्याने फुटू शकतात. पॅसेंजर लिम्फोसाइट सिंड्रोम नाव आहे. हिमोग्लोबिन एका रात्रीत कोसळू शकतं, डोळे पिवळे, लघवी कोकमासारखी गडद. हातातून काढलेल्या स्टेम सेलमध्ये लिम्फोसाइट जास्त असतात म्हणून तिथे जास्त जपायचं. हे फार जणांना होत नाही, पण होतं तेव्हा तासांचा हिशेब असतो, म्हणून मायनर असेल तर त्या दहा दिवसांत रोज हिमोग्लोबिन आणि लाल पेशी फुटतायत का ते दाखवणारे बिलिरुबिन, एलडीएच बघतात का, आणि लाल पेशींवर अँटीबॉडी चिकटलीय का ते बघणारी कूम्ब्स टेस्ट कधी करतात हे युनिटला आधी विचारा.

आता जो प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता तो. रक्तगट वेगळा म्हणून माणूस जगण्यात फरक पडतो का? शेवटी एका फॉलोअपला मी मॅडमना सरळ विचारलंच. त्या दिवशी त्यांनी वेळ दिला, हे नोंदवायलाच हवं. 2005 साली एक मोठं विश्लेषण आलं होतं, ल्युकेमियाचे 3103 पेशंट, सगळ्यांना एचएलए जुळलेल्या भावंडांचा मॅरो, त्यात रक्तगट जुळलेले आणि न जुळलेले यांच्या जगण्यात फरक दिसला नाही, फक्त दोन्हीकडून मिसमॅच असणाऱ्यांत तीव्र जीव्हीएचडी जास्त दिसला. मग 2008 साली जपानमधून 5549 पेशंटचा अभ्यास आला, तिथे डोनर नात्याबाहेरचे, आणि तिथे मेजर आणि मायनर दोन्हींत जगण्याचं प्रमाण काहीसं कमी निघालं. म्हणजे एकाच दिशेला बोट दाखवणारं उत्तर नाही, आजार कुठला, डोनर नात्यातला की बाहेरचा, केमो किती कडक, यावर बदलतं. लाल पेशी उशिरा येणं आणि जास्त रक्त लागणं यावर मात्र फारसं दुमत नाही. म्हणून डोनर निवडताना आधी एचएलए, मग वय आणि बाकीच्या गोष्टी, आणि दोन डोनर बाकी सगळ्यात सारखे असतील तेव्हाच रक्तगट जुळणारा घ्यायचा. "तुमचा धाकटा भाऊ ओ होता म्हणून त्याला निवडलं असतं तर अर्ध्या जुळणीचा ट्रान्सप्लांट करावा लागला असता, मी तेव्हाही तुम्हालाच निवडलं असतं आणि आजही तुम्हालाच निवडेन," असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन पहिल्यांदा शांत झोपले. हीच दहा मिनिटं ट्रान्सप्लांटच्या आधी मिळाली असती तर माहिती देण्याला मी दोन नाही, पाच मार्क दिले असते.

रक्तगट बदलताना काय होतं तेही सांगून ठेवते, कारण बाहेरच्या लॅबमध्ये यावरून गोंधळ होतो. सहाव्या महिन्यात दादाचा ग्रुप तपासला तर एका लॅबने "नमुना पुन्हा पाठवा" म्हणून परत पाठवला. ग्रुप बघायच्या द्रावणात अर्ध्या पेशी एकमेकींना चिकटत होत्या, अर्ध्या नाही. चढवलेल्या ओ च्या पेशी आणि माझ्याकडून आलेल्या नव्या ए च्या पेशी एकत्र फिरत होत्या. लाल पेशी 120 दिवस जगतात, त्यामुळे जुन्या संपेपर्यंत हे चालतं. अशा वेळी फॉर्मवर "ट्रान्सप्लांट झालेला आहे, डोनर ए" लिहून द्यायचं, नाहीतर लॅबवाल्यांना वाटतं नमुन्यात गडबड आहे. आणि नवा ग्रुप लगेच धरायचा नाही. आमच्या ब्लड बँकेने दादाचा ग्रुप ए म्हणून तेव्हाच नोंदवला जेव्हा ए-विरोधी अँटीबॉडी शून्य झाली, पेशी सगळ्या ए दिसल्या आणि मध्ये शंभरेक दिवस एकही पिशवी लागली नव्हती. त्यांच्या त्या सावधपणाचं मला कौतुक वाटतं, कारण आम्हालाच घाई झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी एक सांगितलं ते मला फार आवडलं, की रक्त बदलतं पण बाकीचं शरीर तेच राहतं. ए चा माणूस ओ डोनरमुळे ओ झाला तरी त्याच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरावर ए ची खूण राहते, त्यामुळे तो सहसा ए-विरोधी अँटीबॉडी बनवत नाही, म्हणजे त्याचा ओ जन्मजात ओ सारखा नसतो.

ज्यांचं ठरतंय त्यांनी युनिट बघायला जाल तेव्हा ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना तर भेटाच पण ब्लड बँकेच्या डॉक्टरांनाही पंधरा मिनिटं मागून घ्या. टायटर कधी कधी काढणार, पिशवीतल्या लाल पेशींची मर्यादा किती धरता, रेटिक कितव्या दिवसापासून बघता, रात्री चुकीच्या ग्रुपची पिशवी कोण थांबवणार, हे विचारा. ज्यांना हे प्रश्न नेहमीचे वाटतात तिथे निर्धास्त राहा. रक्तदाते आधीच जमवून ठेवा, आम्ही दोन महिन्यांपुरतेच जमवले होते आणि नंतर धाकट्याची फार धावपळ झाली, त्यानेच सगळ्या ओ वाल्या मित्रांना उभं केलं. डोनर व्हायचं राहिलं म्हणून त्याला जे वाईट वाटत होतं ते त्या धावपळीत भरून निघालं असं तो स्वतः म्हणाला.

सध्या दादाचं हिमोग्लोबिन 13.2 आहे. साठलेलं लोह उतरवायला आता दर महिन्याला त्याचं रक्त काढतात, गोळ्यांपेक्षा हे त्याला सोसतंय. मागच्या आठवड्यात मी बरोबर गेले होते. तेच टेक्निशियन होते, त्यांनी सुई काढली, नळी बांधली आणि पिशवीवर मार्करने लिहिलं, ए पॉझिटिव्ह.